ताटली बघायला तिकीट कोण काढणार?

गेल्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की बेळगावच्या लेले ग्राउंडवर काही पोरंपोरी ताटली, म्हणजे फ्रिसबीची डिस्क, फेकून खेळत होती आणि बघायला बरं वाटलं. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, कुस्तीवर पानभर लिहितो तेव्हा एक माणूस फोन करत नाही. असूंदे. या वेळी सगळं त्यावरच घेतो, क्रिकेटवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

प्रश्न : सर, नमस्कार. माझा भाचा बेंगळुरात आयटीत आहे, शनिवार-रविवार अल्टिमेट फ्रिसबी म्हणून काहीतरी खेळतो. गणपतीला घरी आला तेव्हा सांगू लागला की तो आणि त्याचे तीन मित्र मिळून बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, पणजी अशा चार टीमची प्रो लीग काढणार, अमेरिकेत अशी लीग आहे, लोक तिकीट काढून येतात. माझ्याकडे तीन लाख मागतोय. पोरगा हुशार आहे, थापाड्या नाही. पण ताटली बघायला आपल्याकडे कोण पैसे देणार? अमेरिकेचं ते खरं आहे का? (एक मामा, खानापूर)

उत्तर : मामा, अमेरिकेचं खरं आहे. पण भाच्यानं तुम्हाला अर्धंच सांगितलंय आणि उरलेलं अर्धं तीन लाखांच्या बाजूचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी. एका बाजूला सात जण, १७५ ग्रॅमची डिस्क, १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचा पट्टा. त्या पट्ट्यात आपल्या माणसानं डिस्क झेलली की पॉइंट. डिस्क हातात असताना पळायचं नाही, एक पाय रोवून दहा सेकंदांच्या आत पास द्यायचा, खाली पडली किंवा समोरच्यानं अडवली की डाव त्यांच्याकडे. झालं, एवढाच खेळ. १९६८ साली न्यू जर्सीतल्या मेपलवूड गावच्या हायस्कूलच्या पोरांनी काढला. २०१५ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं या खेळाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली, म्हणजे फक्त मान्यता दिली, ऑलिंपिकमध्ये घेतलं नाही, भाचा तसं म्हणाला असेल तर तेवढं दुरुस्त करा.

आता लीग. २०१२ ला तिकडे आठ टीमची पहिली प्रो लीग सुरू झाली, अमेरिकन अल्टिमेट डिस्क लीग. पहिल्याच वर्षात आपसात बिनसलं आणि २०१३ पासून दुसरी लीग उभी राहिली, मेजर लीग अल्टिमेट, तिच्याही आठ टीम. एवढ्याशा प्रेक्षकाला दोन दुकानं. दुसरं दुकान २०१६ चा सीझन झाल्यावर बंद पडलं. पहिलं अजून चालू आहे, २०२४ पासून त्याचं नाव अल्टिमेट फ्रिसबी असोसिएशन. म्हणजे बारा वर्षांच्या वर तग धरलाय, हे काही थोडं नाही.

पण ते जगतात कसे ते बघा. तिथला प्रो खेळाडू म्हणजे आपल्या डोक्यातला आयपीएलचा खेळाडू नव्हे. बहुतेक जण आठवडाभर नोकरी करतात, संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच, मॅचचे मिळणारे पैसे किरकोळ. स्टेडियमं छोटी, कॉलेजची नाहीतर नगरपालिकेची, भाड्यानं घेतलेली. प्रेक्षक येतो शेकड्यात, चांगल्या शहरात हजारात. सगळ्यात जास्त नाव निघतं मॅडिसन शहराच्या रॅडिकल्स टीमचं, ते गाव २०२० च्या जनगणनेत जेमतेम २ लाख ७० हजारांचं, आपलं बेळगाव २०११ लाच ४ लाख ८८ हजार होतं. तरी तिथं गर्दी होते. २०१८ ची फायनल त्यांच्याच मैदानावर झाली आणि त्यांनीच जिंकली. का होते गर्दी? एक तर मैदान शहराच्या मधोमध, लोक चालत येतात. दुसरं, त्या गावात लीगच्या कितीतरी आधीपासून हौशी खेळणारे ढिगानं होते, म्हणजे तिकीट काढणारा माणूस स्वतः मंगळवारी संध्याकाळी हाच खेळ खेळून गुडघा सुजवून घेतलेला असतो. त्याला समजतं की समोरच्यानं आत्ता काय केलं. भाच्यानं हे तुम्हाला सांगितलं नसणार.

आता आमच्या लेले ग्राउंडचं सांगतो. त्या दिवशी मी बाकड्यावर बसून पूर्ण खेळ बघितला. शेजारी टेनिस बॉल क्रिकेटची पोरं त्यांची मॅच थांबवून उभी राहिली, भडंगवाला पाटी ठेवून उभा राहिला, मॉर्निंग वॉकला, म्हणजे आठ वाजता येतात त्याला मॉर्निंग म्हणायचं तर, आलेले दोन-तीन रिटायर लोक. एका पोरीनं लांबून आलेल्या डिस्कसाठी अंग झोकून दिलं, जमिनीला समांतर, डिस्क मातीपासून वीतभर वर असताना पकडली आणि छातीवर घसरत गेली, कोपर सोलून निघालं. सगळे एकदम ओरडले. भडंगवाला म्हणाला, "आयला, मांजर हाय की ही!" शिट्ट्या, टाळ्या सगळं झालं. आणि मग त्यानं मला विचारलं, "सर, पण पॉइंट कुणाचा झाला?" मी सांगितलं की पॉइंट झालाच नाही, ती पट्ट्याच्या अलीकडे होती. "मग कशाला उडी मारली तिनं?" म्हणाला आणि पाटी उचलली. वीस मिनिटांत सगळे आपापल्या कामाला. एक उडी बघायला माणूस फुकट थांबतो, पुढच्या उडीसाठी पन्नास रुपये देत नाही, त्यात ती उडी त्याला मोबाईलवर फुकट मिळते. तिकडेही तेच आहे, फ्रिसबीच्या करामतीचे व्हिडिओ लाखो लोक बघतात, मैदानावर त्यातले शंभरात एक पण जात नाहीत.

मग आपल्याकडचा माणूस तिकीट कशाला काढतो? काढतो, असं नाही की काढत नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती मैदान लागलं की खुर्चीला वेगळे, गॅलरीला वेगळे पैसे देऊन लोक बसतात, उन्हात चार-चार तास. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलला तिकीट काढून पेठाच्या पेठा येतात. पण मामा, तिथं कोण फुटबॉल बघायला येतो हो? पाटाकडील तालमीच्या टीमचा माणूस पाटाकडील जिंकली बघायला येतो आणि शिवाजी तरुण मंडळाचा माणूस ती हरलेली बघायला येतो. खेळ चांगला झाला तर बोनस. कुस्तीला पण पोस्टरवर तालमीचं नाव, वस्तादाचं नाव, गावाचं नाव असतं, हलगी वाजते, आणि कंग्राळीचा पैलवान असला की कंग्राळीहून ट्रॅक्टर भरून माणसं येतात. तिकिटाचे पैसे माणूस आपल्या माणसासाठी देतो. तुमच्या भाच्याच्या चार टीममध्ये बेळगावच्या टीममधलं कोण माझं आहे? बेंगळुरात राहणारी सात पोरं बेळगावचा टी-शर्ट घालून आली तर चव्हाट गल्लीतला एक माणूस हलणार नाही.

म्हणून मी असतो तर चार शहरांची लीग काढलीच नसती. गल्लीची काढली असती. चव्हाट गल्ली, भांदूर गल्ली, कोनवाळ गल्ली, शहापूर-वडगावच्या दोन. शिवजयंतीच्या चित्ररथाला रात्रभर जागणारी पोरं आहेत ही, मंडळ आहे, वर्गणीची पावती फाडायची सवय आहे, एकमेकांवर खुन्नस पण आहे, सगळं तयार आहे. फक्त डिस्क फेकायला शिकवायची. त्याला दोन वर्षं लागतील आणि भाच्याला तेवढा धीर नसेल तर त्यानं बेंगळुरातच खेळावं.

टीव्हीचं स्वप्न त्यानं दाखवलं असणार, प्रो कबड्डीचं उदाहरण देऊन. सगळे देतात. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि रात्रीत कबड्डीपटू स्टार झाले हे खरं, पण कबड्डी या देशात प्रत्येकानं शाळेत खेळलेली, आणि मॅट १३ बाय १० मीटरची, कॅमेऱ्यात अख्खी मावते, रेडरच्या मांडीचा स्नायू थरथरताना दिसतो, तीस सेकंदात निकाल. फ्रिसबीत १०० मीटरवर १४ जण पांगलेले, कॅमेरा मागे घ्यावा तर डिस्क दिसत नाही आणि पुढे घ्यावा तर पुढचा पळणारा दिसत नाही. आणि प्रो कबड्डीचं दुकान तिकिटावर चालत नाही, टीव्ही आणि जाहिरातीवर चालतं. खो-खोनं पण २०२२ ला पुण्यात बालेवाडीला लीग काढली, तिच्या नावात पण अल्टिमेट आहे, गोंधळ नको. आपल्या मातीतल्या खो-खोला सुद्धा टीव्हीसाठी मॅटवर, दिव्याखाली, रंगीत कपड्यात यावं लागलं.

आता तीन लाखांचा हिशोब. समजा ५० रुपये तिकीट आणि ३०० माणसं आली, हे मी फार दिलदारपणे धरतोय, तर १५,००० झाले. दोन्ही टीमचे मिळून राखीव धरून २८ खेळाडू, प्रत्येकाला ५०० रुपये दिले तर १४,००० गेले. उरले हजार. त्यात ग्राउंडचं भाडं, चुना, मांडव, खुर्च्या, स्पीकर, पोलिसांची परवानगी, चहा, आणि कोणाचा तरी पाय मुरगळणार त्याचा दवाखाना. प्रो म्हणजे पैसे देऊन खेळवायचं असेल तर हे गणित बसत नाही, तिकडे पण बसत नाही म्हणूनच पोरं नोकऱ्या करतात. एक गोष्ट मात्र भाच्याची बरोबर आहे, बाकीची तिन्ही शहरं बेळगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या हिशोबात आहेत, ट्रॅक्स करून सकाळी निघालं की रात्री घरी. तिकडे टीमना विमानानं जावं लागतं आणि खर्च तिथंच वाढतो. डोकं आहे पोराला.

तीन लाख देऊ नका. एका रविवारचं ग्राउंडचं भाडं द्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधलं. तिकीट लावायला सांगा, दहा रुपये का असेना, पण लावायलाच सांगा, फुकट पास वाटायचे नाहीत, नातेवाईकांना सुद्धा नाही, तुम्हाला सुद्धा नाही. संध्याकाळी गल्ला मोजा. मोजताना मला बोलवा, मी दहा रुपये देऊन आलेलो असेन.

प्रश्न : या खेळात म्हणे रेफरी नसतो, खेळाडूच ठरवतात फाउल झाला का नाही. हे शक्य आहे का? आमच्याकडे रेफरी असून डोकी फुटतात. (निपाणी)

उत्तर : शक्य आहे, वर्ल्ड चॅम्पियनशिप पण तशीच खेळतात. फाउल झाला असं वाटलं की खेळाडू ओरडतो, खेळ थांबतो, दोघं बोलतात. समोरच्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर डिस्क मागे, आधी होती तिथं. याला ते स्पिरिट ऑफ द गेम म्हणतात आणि त्याचं बक्षीस सुद्धा असतं.

पण तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय, कारण प्रो लीगवाल्यांना हाच प्रश्न पडला. प्रेक्षक पैसे देऊन आलाय आणि मैदानात दोन माणसं उभं राहून सोसायटीच्या मीटिंगसारखी चर्चा करतायत, असं चालेल का? म्हणून त्यांनी रेफरी आणले, १२-१२ मिनिटांचे चार क्वार्टर केले, पासला दहाच्या जागी सात सेकंद, मैदान जास्त रुंद. जुने खेळाडू चिडले, म्हणाले आमच्या खेळाचा आत्मा काढला. मग एक मधली वाट ठेवली की रेफरीनं आपल्या बाजूनं चुकीचा निर्णय दिला तर खेळाडू स्वतः सांगू शकतो, नाही साहेब, मीच फाउल केला, आणि निर्णय फिरतो.

मला विचाराल तर प्रेक्षकासाठी रेफरी आणायची गरज नव्हती. ती चर्चाच बघण्यासारखी असते. मी शाळेत मास्तर असताना आठवीच्या पोरांना एकदा खो-खो बिनपंचाचा खेळवला होता, पहिली दहा मिनिटं नुसता कालवा, मग एक पोरगा, वर्गातला सगळ्यात बेरकी, हात वर करून म्हणाला "सर, मी आऊट आहे, ह्याचा हात लागला". कोणाला दिसलं पण नव्हतं. सगळी पोरं त्याच्याकडे बघत राहिली, भूत बघितल्यासारखी. आता त्या दोघांची चर्चा स्पीकरवर ऐकवली, आपल्या बेळगावच्या मराठीत, तर मी खात्रीनं सांगतो लोक खेळापेक्षा त्यालाच जास्त येतील. निपाणीत मात्र सुरुवातीला एक रेफरी ठेवा, आणि एक हवालदार.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या चार मुली आहोत, तुम्ही लिहिलेल्या ग्रुपमध्येच खेळतो. प्रो लीग आली तर त्यात मुलींना जागा असेल का? की परत मुलांचंच? (टिळकवाडी)

उत्तर : अगं, मग कोपर सोललेली तुमच्यातलीच कोण तरी! तिला सांग, हळद लाव.

अमेरिकेत हाच वाद झालाय. ती मोठी लीग व्यवहारात पुरुषांचीच राहिली आणि २०१७ च्या शेवटी बऱ्याच नामी खेळाडूंनी, त्यात पुरुष पण होते, सांगितलं की बायकांना बरोबरीची जागा मिळेपर्यंत आम्ही खेळणार नाही. लीग लगेच बदलली नाही. मग २०१९ ला प्रीमियर अल्टिमेट लीग म्हणून वेगळी लीग उभी राहिली, नंतर पश्चिमेकडे आणखी एक. पैशानं लहान, पण उभ्या राहिल्या.

आपल्या देशात उलट आहे, चेन्नई, बेंगळुरू, अहमदाबाद, जिथं जिथं हा खेळ रुजला तिथं मिक्स्ड जास्त चालतो, मुलं-मुली एकाच टीममध्ये. हे सोडू नका. वरच्या मामांच्या भाच्याला पण हेच सांगतोय, तिकिटाच्या नजरेनं बघितलं तरी मिक्स्डच फायद्याचं. कुस्ती मैदानाला बायका किती येतात सांग? हाताच्या बोटावर. मुलगी खेळतेय म्हटल्यावर आई येणार, मावशी येणार, आजी डबा घेऊन येणार, आणि तिला एकटी कशी पाठवायची म्हणून भाऊ येणार, एका खेळाडूमागं चार तिकिटं. घरच्यांनी अंधार पडायच्या आत घरी ये म्हटलं तर मॅच सकाळी ठेवा, सात वाजता, बेळगावच्या थंडीत बघायला मजा पण येते आणि वारा पण पडलेला असतो.

प्रश्न : टीमच्या जर्सीवर बेळगाव लिहिणार की बेळगावी? (कडोली)

उत्तर : मला पेन्शन नीट मिळतेय, ती मिळू दे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे आणि घरात आपण काय म्हणतो ते पण सगळ्यांना माहीत आहे. गल्लीची टीम काढा म्हणून मी वर म्हटलं त्याचं हे दुसरं कारण. कोनवाळ गल्ली मराठीत पण कोनवाळ गल्ली आणि कन्नडमध्ये पण कोनवाळ गल्ली. आणि खरं सांगायचं तर या खेळात आपल्या टीममध्ये एखादा पाटील आणि एखादा हिरेमठ असला तर बरंच, पळताना ओरडायला दोन भाषा मिळतात, समोरच्याला कळत नाही.

प्रश्न : नातवाला डिस्क घेऊन दिली, खेळण्याच्या दुकानातली. छतावर टाकली, परत मिळाली, नाल्यात टाकली, परत मिळाली, पण सरळ काही जात नाही. उलटी होऊन पडते. डिस्क खराब आहे की नातू? (हिंदलगा)

उत्तर : नातू चांगला आहे. खेळण्यातली डिस्क हलकी असते, आपल्याकडच्या वाऱ्यात ती पतंगासारखी वागते, १७५ ग्रॅमवाली घ्या, वजन मागे कोरलेलं असतं. आणि तो सगळा जोर दंडातून लावत असणार. डिस्क उडते ती गरगर फिरते म्हणून, जोर मनगटात पाहिजे, ओल्या टॉवेलला शेवटी झटका देतो ना तसा. सोडताना बाहेरची कड किंचित खाली ठेवायला सांगा. आधी दहा पावलांवर उभं राहून तुमच्याकडे फेकू दे, तुम्ही खुर्चीत बसा, तुमच्या मांडीवर पडली पाहिजे. पाऊस असेल तर घरातच, पण टीव्हीकडे पाठ करून उभा करा, तोंड करून नव्हे, आमच्या घरी हे उशिरा लक्षात आलं.